पहा, पृष्ठ अमुक : पुस्तकातील अंतर्गत संदर्भांचे संपादन

धानोरा तालुक्यातल्या एखाद्या गावात वनहक्क समितीचा सचिव एक मराठी पुस्तिका उघडून बसला आहे, असे समजा. बांबू आणि तेंदूपत्ता विकण्याचा गावाचा हक्क कायद्याच्या नेमक्या कोणत्या ओळीत आहे, हे त्याला उद्याच्या बैठकीत दाखवायचे आहे. चौथ्या प्रकरणात त्याला वाक्य मिळते : ‘गौण वनोपजावरील मालकीसाठी कलम ३(१)(क) पहा.’ तो परिशिष्टाकडे वळतो. तिथे २००६ चा वनहक्क कायदा पूर्ण छापलेला आहे. कलम ३, पोटकलम (१), खंड (क). वाचतो, तर तिथे राहण्यासाठी किंवा स्वतः कसण्यासाठी वनजमीन धारण करण्याचा हक्क सांगितला आहे. बांबूचे नाव नाही, तेंदूपानाचेही नाही.

प्रकरण लिहिणाऱ्याला कायदा नीट माहीत आहे. परिशिष्टातला मजकूरही बरोबर आहे. चुकले आहे ते एकाकडून दुसऱ्याकडे दाखवलेले बोट. वनोपजाचा हक्क इंग्रजी कायद्यात तिसऱ्या खंडात येतो. लेखकाने तो अ, ब, क, ड असा मोजला आणि तिसऱ्याला (क) म्हटले. सरकारी नोकरीत गट अ, गट ब, गट क असतात, अर्जांचे नमुनेही अ, ब, क असतात. त्या सवयीने असेच मोजले जाते. परिशिष्टात मात्र केंद्रीय कायद्यांच्या मराठी पाठांत रूढ असलेला क, ख, ग, घ हा क्रम आहे. त्यात (क) हा पहिला खंड, म्हणजे जमिनीचा. वनोपजाचा तिसरा खंड (ग). संविधानाच्या मराठी प्रतीत मूलभूत कर्तव्यांचा अनुच्छेद ५१क आहे आणि कितीतरी मराठी पुस्तकांत तोच ५१अ म्हणून येतो, तो याच कारणाने.

दोन्ही क्रम आपापल्या जागी योग्य आहेत. ते एकाच पुस्तकात आले आणि त्यांची गाठ घालून द्यायला मधे कोणी नव्हते, म्हणून घोटाळा झाला. ती गाठ घालणे हे संपादकाचे काम आहे. लेखकाकडून त्याची अपेक्षा ठेवू नये. लेखकाच्या डोक्यात सगळे पुस्तक एकाच वेळी उभे असते. स्वतःच लिहिलेल्या ‘पहा’ पाशी थांबून, पाने उलटून, ती जागा शोधण्याची पाळी त्याच्यावर कधी येत नाही. मुद्रितशोधक ओळ वाचतो, आणि ‘कलम ३(१)(क) पहा’ या ओळीत शुद्धलेखनाची चूक एकही नाही. त्यामुळे अशी चूक सगळ्यांच्या नजरेखालून सुखरूप निसटते आणि थेट वाचकापाशी पोहोचते.

पुस्तकाचा एक भाग जेव्हा त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या भागाकडे बोट दाखवतो, तेव्हा त्याला आपण अंतर्गत संदर्भ म्हणू. ‘सातव्या प्रकरणात सांगितल्याप्रमाणे’, ‘तक्ता ३ पहा’, ‘नकाशात दाखवलेली नदी’, ‘वर उल्लेखिलेला ठराव’, ‘मागे आलेच आहे’, सूचीतले ‘रोही : नीलगाय पहा’, हे सगळे त्यातच आले. बाहेरच्या ग्रंथांचे संदर्भ वेगळे. ते चुकले तर दोष वाटून घ्यायला दुसरे पुस्तक असते. अंतर्गत संदर्भ चुकला, तर पुस्तक स्वतःलाच ओळखत नाही असा अर्थ होतो.

या प्रकरणातली उदाहरणे मी चंद्रपूर आणि गडचिरोलीवरच्या पुस्तकांतून, म्हणजे तशा विषयांतून घेणार आहे. या दोन जिल्ह्यांवर लिहिताना अंतर्गत संदर्भांची जेवढी परीक्षा होते, तेवढी क्वचितच दुसरीकडे होत असेल. जंगल एक, पण त्यावर वनखात्याचा कक्ष क्रमांक वेगळा आणि महसुलाचा भूमापन क्रमांक वेगळा. झाड एक, पण त्याला मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू आणि छत्तीसगढी बोलणारी माणसे आपापल्या नावाने ओळखतात. जिल्हा एक होता, त्याचे दोन झाले. कायदे तर एकमेकांचा हात धरल्याशिवाय चालतच नाहीत.

कायद्यापासूनच पुढे जाऊ. बांबू गावाचा कसा, हे सांगायचे तर एक वाक्य पुरत नाही. वनहक्क कायद्याच्या कलम २(झ) मध्ये गौण वनोपजाची व्याख्या आहे. तिच्यात बांबू आणि तेंदूपाने नाव घेऊन सांगितली आहेत. त्या वनोपजाच्या मालकीचा हक्क कलम ३(१)(ग) मध्ये. ते विकायचे म्हणजे काय काय करता येईल, हे त्या कायद्याखालच्या नियमांपैकी नियम २ मधल्या ‘विल्हेवाट’ या संज्ञेच्या व्याख्येत. आणि माल गावाबाहेर नेण्याचा परवाना कोण देणार, याचे उत्तर ६ सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीने बदलले : तो नियम ४(१)(ङ) खालच्या समितीने किंवा ग्रामसभेने नेमलेल्या व्यक्तीने द्यायचा. चार ठिकाणी जावे तेव्हा एक गोष्ट पूर्ण होते. यातला एक दुवा चुकला, तर उरलेले तीन बरोबर असूनही वाचकाच्या हातात काही पडत नाही.

आता यात इतिहास आला की आणखी काळजी लागते. मेंढा-लेखा या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला २००९ मध्ये, सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्याचा, म्हणजे सगळे ज्याला टीपी म्हणतात त्याचा, प्रश्न सुटायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. त्या दिवशी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. म्हणजे ही घटना २०१२ च्या दुरुस्तीच्या आधीची. पुस्तकात मेंढ्याच्या हकिकतीशेजारी ‘नियम ४(१)(ङ), परिशिष्ट २ पहा’ असे असेल आणि परिशिष्टात दुरुस्त नियम छापलेले असतील, तर बोट अगदी अस्तित्वात असलेल्या जागी जाते, आणि तरी वाचकाची दिशाभूल होते. त्याला वाटते, २०११ मध्ये हाच नियम होता. दाव्याच्या नमुन्यांचेही तसेच. सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्याचा तिसरा, स्वतंत्र नमुना २०१२ च्या दुरुस्तीने आला. ‘नमुना क’ असे लिहिले, तर एका क्रमाने तो हाच तिसरा नमुना आणि दुसऱ्या क्रमाने पहिला, वैयक्तिक जमिनीच्या दाव्याचा. २००९ च्या हकिकतीत ‘नमुना क (परिशिष्ट ३ पहा)’ दिसले की संपादकाने तिथेच पेन्सिल टेकवावी.

म्हणून संदर्भ तपासणे म्हणजे ती जागा पुस्तकात आहे का एवढेच बघणे पुरेसे नाही. तिथे गेल्यावर जे मिळेल असे सांगितले होते, तेच मिळते का? ते त्या वाक्याच्या काळाला आणि अर्थाला जुळते का? आणि एवढ्या लांब जाऊन आलेल्या वाचकाला काही हाती लागते का? ‘मोहफुलांविषयी अधिक माहितीसाठी प्रकरण ९ पहा’ असे म्हणायचे, आणि नवव्या प्रकरणात मोहफुलांवर ‘मोहफुले गोळा करतात’ एवढीच ओळ असायची, हे मी अनेक संहितांत पाहिले आहे. लिहिताना लेखकाच्या मनात नवव्या प्रकरणाचा मोठा बेत असतो. प्रत्यक्ष लिहिताना तो बेत आकसतो. संदर्भ मात्र जुन्या बेताला धरून मागे उभा राहतो.

कामाची पद्धत साधी आहे, पण तिला वेळ द्यावा लागतो. पहिल्या वाचनात भाषा दुरुस्त करायचा मोह बाजूला ठेवून पुस्तक सलग वाचावे आणि जिथे जिथे पुस्तक स्वतःकडे बोट दाखवते, तिथे समासात एक ठरावीक खूण करावी. शेजारी वेगळा कागद किंवा तक्ता ठेवावा. त्यात तीन गोष्टी : हे वाक्य कुठे आहे, ते कुठे पाठवते, आणि तिथे काय मिळेल असे सांगते. तिसरा रकाना लोक गाळतात. तो गाळला की तपासणी ‘जागा आहे, जागा नाही’ इतकीच उरते, आणि वर सांगितलेली मोहफुलांची चूक कधीच सापडत नाही.

हा तक्ता उलटा वाचला की त्याची खरी किंमत कळते. समजा, लेखकाने शेवटच्या टप्प्यावर सांगितले की सहावे प्रकरण लांबले आहे, त्यातला जमीनदाऱ्यांचा भाग काढू. अहेरीच्या जमीनदारीवरचा तो मजकूर गेला. आता पुस्तकात कोण कोण त्याच्याकडे बोट दाखवत होते? तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात ‘प्रकरण ६, जमीनदारी’ शोधले की सगळी वाक्ये समोर येतात. तक्ता नसेल तर ती वाक्ये तशीच छापली जातात आणि वाचक पुस्तकभर ती जमीनदारी शोधत बसतो. मजकूर कापणारा संपादक त्या मजकुराकडे येणाऱ्या वाटाही बंद करत असतो, हे ध्यानात ठेवूनच कात्री चालवावी.

संहितेच्या टप्प्यावर पृष्ठांक लिहू नयेत. पाने लागेपर्यंत ते खोटेच असतात. तिथे ‘पृ. ०००’ असे लिहून ठेवावे, म्हणजे शेवटी शोधताना ही जागा चटकन सापडते आणि चुकून तशीच राहिली तरी पहिल्या नजरेला खुपते. अंदाजाने ‘पृ. ११२’ लिहिलेले कोणालाच खुपत नाही. प्रकरणांच्या क्रमांकांवरही संहितेत विसंबू नये; प्रकरणाचे नाव लिहावे. प्रकरणे पुढे-मागे होतात, नाव सहसा टिकते. शेवटच्या फेरीत हवा तर नावासोबत क्रमांक घालावा. छापील पुस्तकातही मला ‘प्रकरण ७ पहा’ पेक्षा ‘तेंदूच्या हंगामावरचे प्रकरण पहा’ हे अधिक पसंत आहे, कारण वाचकाला तिथे जायचे की नाही ते न जाताच ठरवता येते.

‘वर’, ‘खाली’, ‘शेजारी’, ‘पुढील पानावर’ या शब्दांवर मात्र कडक नजर हवी. संहितेत जे छायाचित्र परिच्छेदाखाली असते, ते पान लावताना डावीकडच्या पानावर जाते, कधी रंगीत छायाचित्रांच्या वेगळ्या फॉर्ममध्ये जाते. ‘खालील छायाचित्रात मार्कंड्याच्या देवळांचा समूह दिसतो’ असे वाक्य, आणि खाली वैनगंगेवरच्या पुलाचा फोटो. छायाचित्रांना, तक्त्यांना, नकाशांना क्रमांक द्यावेत आणि क्रमांकानेच बोलवावे. शासकीय पत्रव्यवहारातून आलेल्या ‘उपरोक्त’ आणि ‘संदर्भीय’ यांना तर पुस्तकात जागाच देऊ नये. पत्र एका पानाचे असते, त्याच्या माथ्यावर संदर्भ १, संदर्भ २ लिहिलेले असतात, म्हणून तिथे ते चालते. दोनशे पानांच्या पुस्तकात ‘उपरोक्त निर्णय’ म्हणजे कोणता, हे वाचकाने कसे ओळखायचे?

संगणकाचा उपयोग किती? वर्ड आणि इनडिझाइनमध्ये संदर्भ जोडून ठेवण्याची सोय असते; प्रकरण सरकले की क्रमांक आपोआप बदलतो. ती सोय वापरता आली तर जरूर वापरावी. पण मराठी पुस्तकाच्या वाटेत एक अडचण अजून उभी आहे. बऱ्याच संहिता अजूनही युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या येतात, मग त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर होते, किंवा उलट. त्या ये-जा करण्यात असे जोड टिकतील याचा भरवसा धरू नये. शेवटी शोध हाताने घ्यावा लागतो, आणि मराठीत तो एका शब्दाने होत नाही. लेखक एकाच पुस्तकात ‘प्रकरण ७’, रोमन अंकातले सात, ‘प्रकरण सात’, ‘सातवे प्रकरण’ आणि ‘सातव्या प्रकरणात’ असे पाच तऱ्हांनी लिहितो. ‘तक्ता’ शोधला तर ‘तक्त्यात’ सापडत नाही, कारण विभक्ती लागताना शब्दाचे रूप बदलते. म्हणून शब्दाचा न बदलणारा भाग शोधावा : ‘तक्त’, ‘नकाश’, ‘प्रकरण’, ‘परिशिष्ट’. मग ‘मागे’, ‘पुढे’, ‘आधी’, ‘वर’, ‘खाली’. या शेवटच्या शब्दांचे शेकडो उल्लेख निघतात आणि बहुतेक निरुपयोगी असतात. तरी ते चाळावेत. ‘पुढे आपण पाहणारच आहोत’ या वाक्यातले पुढे पाहणे कुठेच आलेले नाही, हे अशाच चाळणीत सापडते.

आता नावांकडे येऊ. या दोन जिल्ह्यांवरच्या पुस्तकात सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात.

१९०९ चा जिल्हा गॅझेटियर ‘चांदा’ जिल्ह्याचा आहे. १९६४ च्या सुमारास चांद्याचे चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. दरम्यान राजुरा, जो आधी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, तो १९५९ मध्ये इकडे आला. म्हणजे १९०९ च्या ‘चांदा जिल्ह्यात’ आजची गडचिरोली आणि सिरोंचा आहेत, पण राजुरा नाही. आणि आजच्या ‘चंद्रपूर जिल्ह्यात’ राजुरा आहे, पण सिरोंचा नाही. आता लेखक पहिल्या प्रकरणात जुन्या जिल्ह्याच्या जंगलाचे वर्णन करतो आणि ‘आकडेवारीसाठी तक्ता ४ पहा’ म्हणतो. तक्ता ४ मध्ये २०११ च्या जनगणनेचे आकडे आहेत, मथळा ‘चंद्रपूर जिल्हा’. वाचक दोन वेगळ्या भूभागांची तुलना करतो आणि त्याला तसा संशयही येत नाही. यावर उपाय एकच : पुस्तकाच्या आरंभी कोणत्या वर्षी जिल्ह्याची हद्द काय होती याची एक छोटी टीप आणि एक नकाशा द्यावा, आणि जिल्ह्याचे नाव येईल तिथे काळ न कळण्याजोगा असेल तर वर्ष जोडावे. जुन्या नावाकडून नव्याकडे ‘पहा’ लिहून हे काम भागत नाही, कारण दोन्ही नावे एकाच भूमीची नाहीत.

ताडोबाचेही असेच. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, ११६.५५ चौरस किलोमीटर. अंधारी अभयारण्य १९८६ चे, ५०८.८५. दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, ६२५.४०. पुढे २०१० मध्ये सुमारे १,१०२ चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र जोडले गेले आणि एकूण सुमारे १,७२७ झाले. एकाच पुस्तकात तीन प्रकरणांत ‘ताडोबाचे क्षेत्रफळ’ म्हणून ११६, ६२५ आणि १,७२७ असे तीन आकडे आले, तर तिन्ही बरोबर असू शकतात. अशा वेळी उतावळा संपादक तिन्ही आकडे एकसारखे करून टाकतो. तसे कधीही करू नये. तिथे अंतर्गत संदर्भाने मदत करायची असते : मुख्य वर्णन एका जागी, चारही टप्पे आणि वर्षे तिथे; बाकी ठिकाणी आकड्यासोबत ‘केवळ राष्ट्रीय उद्यान’ किंवा ‘बफरसह’ हे शब्द, आणि मुख्य वर्णनाकडे एक बोट.

झाडे आणि प्राणी सूचीत त्रास देतात. विदर्भात नीलगायीला रोही म्हणतात. वाचक दोन्हीपैकी कोणत्याही नावाने शोधेल, म्हणून एका नावाखाली पृष्ठांक आणि दुसऱ्या नावाखाली ‘पहा’. कोणते नाव मुख्य? पुस्तकाच्या मजकुरात जे अधिक येते ते. पुस्तक इथल्या माणसांच्या तोंडून बोलत असेल, तर रोही मुख्य आणि नीलगाय दुय्यम, असे ठेवायला संकोच करू नये. रानकुत्रा आणि कोळसून यांचेही तेच. पण बीजा, बिबला आणि बिबा? बीजा आणि बिबला हे एकच झाड, इमारती लाकडाचे, औषधी डिंकाचे. बिबा वेगळा, ज्याच्या तेलाने अंगावर फोड येतात तो. सूचीत हे तिघे एकाखाली एक येतात आणि घाईत जोडले जातात. गवा आणि रानम्हैस तर वारंवार एक होतात. गव्याचे कळप ताडोब्यात दिसतात. रानम्हैस महाराष्ट्रात उरली आहे ती गडचिरोलीच्या दक्षिण टोकाकडे, कोलामार्काच्या जंगलात. ‘रानम्हैस : गवा पहा’ अशी एक ओळ सूचीत गेली, तर महाराष्ट्रातला एक अत्यंत दुर्मीळ प्राणी त्या पुस्तकातून नाहीसा होतो. एवढी ताकद सूचीतल्या एका ‘पहा’ मध्ये असते.

उलट प्रकारही आहे. चंद्रपूरवरच्या पुस्तकात ‘कोळसा’ म्हणजे खाणीतून निघणारा, आणि कोळसा हे ताडोब्यातल्या वनपरिक्षेत्राचेही नाव. सूची करणाऱ्याने दोन्हीचे पृष्ठांक एका नोंदीखाली ओतले, तर वाघाच्या शोधात निघालेला वाचक दगडी कोळशाच्या खाणीत पोहोचतो. ‘कोळसा (खनिज)’ आणि ‘कोळसा (वनपरिक्षेत्र, ताडोबा)’ अशा दोन स्वतंत्र नोंदी हव्यात. वैनगंगा आणि पैनगंगा यांच्यात तर एका अक्षराचा फरक. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. त्यामुळे दोन्ही नावे एकाच परिच्छेदात येऊ शकतात, आणि पृष्ठांक बरोबर असूनही नदी चुकते.

सूचीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ‘गौण वनोपज : लघु वनोपज पहा’, आणि तिथे गेलो तर ‘लघु वनोपज : गौण वनोपज पहा’. वाचक दोन ओळींमध्ये फिरत राहतो. सूची पूर्ण झाल्यावर तिच्यातले सगळे ‘पहा’ एकदा सलग, फक्त तेवढेच, तपासावेत. ज्या नोंदीकडे पाठवले तिथे पृष्ठांक आहेत ना, एवढे पाहायला फार वेळ लागत नाही. आणि दोनच पृष्ठांक असतील, तर ‘पहा’ लिहिण्यापेक्षा ते दोन आकडे दोन्ही नावांखाली देऊन टाकावेत. जागाही तेवढीच लागते आणि वाचकाची एक फेरी वाचते.

मराठीत हे काम मोठ्या प्रमाणावर आणि फार निष्ठेने झालेले आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम नागपुरात सुरू केले, पुढे ते पुण्यात गेले. तेवीस खंडांपैकी बाविसावा संपूर्ण खंड त्यांनी सूचीला दिला. पैशाची चणचण असलेल्या प्रकल्पात सूचीला स्वतंत्र खंड देणे हा वाचकाच्या बाजूने घेतलेला निर्णय होता, आणि आजच्या प्रकाशकांनी तो आठवावा असे मला वाटते. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेल्या मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी ‘पहा :’ असते आणि मजकुरातही दुसऱ्या नोंदीकडे नेणारे बाण असतात. पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसाव्या खंडापर्यंतचे काम पुढे जवळजवळ चार दशके चालले. अकारातल्या नोंदीने सकारातल्या किंवा हकारातल्या नोंदीकडे बोट दाखवले, तेव्हा ती नोंद छापून होणार होती कित्येक वर्षांनी. ते बोट खरे ठरायचे, तर नोंदीचे शीर्षक आधीच ठरवून ठेवायला हवे आणि पुढच्या संपादकांनी ते पाळायला हवे. आपल्यासमोर असते एकच पुस्तक आणि काही महिने. तेवढ्यात आपल्याला हे जमायला हरकत नसावी.

एवढे सगळे सांगून झाल्यावर उलट बाजूही सांगितली पाहिजे. चांगला संपादक अंतर्गत संदर्भ दुरुस्त करतो त्यापेक्षा जास्त काढून टाकतो. ‘हे आपण मागे पाहिलेच आहे’ या वाक्याने बहुतेक वेळा काही साधत नाही. जिथे मागची गोष्ट दोन ओळींत पुन्हा सांगता येते, तिथे ती सांगावी. ‘कलम ३(१)(ग) पहा’ ऐवजी ‘कलम ३(१)(ग), म्हणजे गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करणे, वापरणे आणि विकणे यांचा हक्क’ असे लिहिले, की अक्षराचा क्रम कोणताही असो, वाचक चुकत नाही. आरंभी दिलेला घोटाळा या एका सवयीने मिटला असता. शिवाय पुस्तकात कायद्याचा मजकूर असेल, तर इंग्रजी, क-ख-ग आणि अ-ब-क या तिन्ही क्रमांची जुळणी दाखवणारी अर्ध्या पानाची टीप परिशिष्टाच्या आधी द्यावीच.

वनहक्क, आरोग्य, रोजगार हमी अशा विषयांवरच्या पुस्तकांना ही पुनरुक्ती अधिकच लागू पडते. ती पुस्तके पूर्ण वाचली जातील असे धरून चालू नये. हवे तेवढे प्रकरण झेरॉक्स होते, गावातून गावात जाते, कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवतो आणि बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्याला पाने उलटता येत नाहीत. ज्याच्या हातात चारच पाने आहेत, त्याच्यासाठी ‘परिशिष्ट २ पहा’ हे वाक्य निरर्थक आहे. म्हणून अशा पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणात त्या प्रकरणापुरता कायद्याचा शब्द असावा. चार पाने वाढतील. वाढू द्यावीत.

दुसरी आवृत्ती निघताना हे सगळे पुन्हा करावे लागते आणि नेमके तेव्हाच कोणी करत नाही. उदाहरण बांबूचेच. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात कलम २(७) मधल्या ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू होता. २०१७ च्या दुरुस्तीने तो वगळला. आधीच्या आवृत्तीत ‘कायद्याने बांबू हे झाड आहे’ असे एका प्रकरणात असेल आणि आणखी पाच ठिकाणांहून त्याकडे बोट दाखवले असेल, तर नव्या आवृत्तीत ते एक वाक्य बदलून भागणार नाही. ती पाचही वाक्ये आता वेगळ्या अर्थाकडे नेतात. पहिल्या आवृत्तीचा तीन रकान्यांचा तक्ता जपून ठेवला असेल, तर हे अर्ध्या तासाचे काम आहे. प्रकाशकाच्या कपाटात छापील प्रतीबरोबर तो तक्ताही असावा.

पाने लागली, ‘पृ. ०००’ सगळे भरले, की एक शेवटचे वाचन राहते. ते पडद्यावर करू नये. संपूर्ण प्रत कागदावर काढावी आणि ज्याने पुस्तक आधी वाचलेले नाही अशा माणसाच्या हातात तक्त्यासह द्यावी. त्याने फक्त बोटे धरून चालायचे : प्रत्येक ‘पहा’ पाशी थांबायचे, ते पान उघडायचे, वाचायचे, परत यायचे आणि खूण करायची. दोनशे पानांच्या पुस्तकाला दोन दिवस पुरतात. हे दोन दिवस छपाईच्या वेळापत्रकात पहिल्यापासून धरलेले असावेत आणि त्या माणसाला त्याचा मोबदला मिळावा, एवढी मागणी प्रत्येक संपादकाने प्रकाशकाकडे करावी. वेळ नाही असे उत्तर आले, तर पुस्तकातले ‘पहा’ कमी करावेत, पण न तपासलेला एकही छापू नये.